वीजबिलात दहा रुपये सूट आणि चंद्रपूरचा धूर

पिंपळपान

गेल्या महिन्यात महावितरणच्या गो-ग्रीन योजनेत नाव घातलं. कागदी बिल बंद, मोबाइलवर बिल, आणि दर बिलामागे दहा रुपये सूट. घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आपण झाडं वाचवतोय. बायको म्हणाली, "दहा रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही हल्ली." तो विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यातून काही जाईना.

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसी आहे. एकेकाळी वारा फिरला की तिकडून केमिकल कंपन्यांचा वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. आता ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात एकामागोमाग डेटा सेंटरं, म्हणजे इंटरनेटचे मोठे संगणक (सर्व्हर) ठेवायच्या इमारती, उभी राहिली आहेत. इमारती प्रचंड, पण त्यांना खिडक्या नाहीत, चिमणी नाही, वास नाही. फाटकावर दोन वॉचमन आणि आत शुकशुकाट. आमच्या गॅलरीतून त्यातली एक दिसते.

मी निवृत्त माणूस, पूर्वी हिशेबखात्यात होतो, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक मेगावॅट भार वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिटं होतात. आमचं घर महिन्याला साधारण १५० युनिटं खातं. म्हणजे एका मेगावॅटमागे आमच्यासारखी ४,८०० च्या वर घरं. आणि या इमारतींच्या जाहिरातीत एक-दोन नाही, पन्नास-शंभर मेगावॅटच्या गोष्टी असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने आपल्या ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे मेगावॅटमागे वर्षाला सुमारे ६,३०० टन.

माझ्या बिलाचा कागद पाच ग्रॅमचा होता!

तर जाणकारांना प्रश्न असा: सगळं डिजिटल झाल्याने धूर कमी होतो, की नुसता आपल्या नजरेआड जातो?

तिरकस_तात्या

धागा आधी प्रिंट काढून वाचला, मग प्रतिसाद द्यायला बसलो.

थट्टा राहू दे. मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की अर्धा तास ऑनलाइन सिनेमा बघणं म्हणजे सहा किलोमीटर गाडी चालवणं. तेव्हापासून नातवाला मालिका बघताना पाहिलं की मला पेट्रोलचा वास येतो. खरं आहे का हे?

आकडेमोड

नाही तात्या, नातवाला बघू द्या. त्या आकड्याचा उगम २०१९ मधला. 'शिफ्ट प्रोजेक्ट' या फ्रेंच संस्थेच्या नावे अर्ध्या तासाला १.६ किलो हा आकडा जगभर छापून आला. नंतर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेतल्या विश्लेषकाने हिशेब तपासला, तेव्हा बऱ्याच गोष्टी फुगवलेल्या निघाल्या. सगळ्यात मजेशीर म्हणजे बिट आणि बाइट यांचा घोळ झाला होता; एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे एका झटक्यात आठपट. सुधारलेला आकडा जागतिक सरासरीने तासाला ३६ ग्रॅम. वीज लागते ०.०७७ युनिट. आपल्या ग्रिडला लावलं तर ५५ ग्रॅमच्या आसपास.

त्यातही मोठा वाटा तुमच्या घरातल्या पडद्याचा. ५० इंची टीव्हीला फोनच्या मानाने शंभरपट वीज लागते. नातू फोनवर बघत असेल तर तो सगळ्यात हरित मनुष्य.

म्हणूनच 'एक ईमेल म्हणजे इतके ग्रॅम' वगैरे हिशेब मला आवडत नाहीत. इंटरनेटची यंत्रणा तुम्ही बघा किंवा बघू नका, चालूच असते. एसटी रात्री रिकामी गेली तरी डिझेल जळतंच. आपल्या एका तिकिटाचा धूर किती, हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला आहे. गाड्या किती वाढवल्या आणि कशावर चालवल्या, ते विचारायला हवं.

गल्ला

माझं किराणा दुकान आहे, बार्शीकडे. तुमच्यासारखे आकडे मला येत नाहीत. जे दिसतं ते सांगतो.

पूर्वी सुट्ट्या पैशांसाठी आठवड्यातून दोन खेपा बँकेत व्हायच्या, मोटारसायकलवर. आता गिऱ्हाईक पाच रुपयाच्या बिस्किटालासुद्धा स्कॅन करतं आणि ती डबी ओरडते. बँकेच्या खेपा संपल्या, पेट्रोल वाचलं. हे झालं जमेला.

आता नावे बाजू. पूर्वी होलसेलवाल्याचा टेम्पो आठवड्याला एकदा यायचा, भरगच्च भरून. आता माझ्या मोबाइलमध्ये तीन कंपन्यांची अॅपं आहेत. रात्री दहाला ऑर्डर टाकली की सकाळी माल. त्यामुळे मीही साठा करायचं सोडलं. आज दोन खोकी तेल, उद्या एक खोकं साबण. तीन कंपन्यांचे तीन टेम्पो रोज गल्लीत, आणि तिन्ही अर्धे रिकामे. पूर्वी एक यायचा.

माझं पेट्रोल वाचलं ते खरं, पण त्यांचं डिझेल कोणी मोजायचं?

पिंपळपान

गल्लाशेठ, धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. हिशेबखात्यात आम्ही याला खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं म्हणायचो.

सर्व्हर_राखणदार

मी अशाच एका खिडक्या नसलेल्या इमारतीत काम करतो. सर्व्हरशी माझा संबंध नाही, माझ्याकडे वीज आणि एसी. कंपनीचं नाव विचारू नका. थोडं आतलं सांगतो.

आमच्या धंद्यात एक आकडा सतत भिंतीवर झळकतो, पीयूई. इमारतीत शिरलेली एकूण वीज भागिले सर्व्हरने खाल्लेली वीज. १ आला तर सगळी वीज कामाला लागली. जगाची सरासरी अनेक वर्षं १.५५ ते १.६ च्या आसपास अडकली आहे. गूगल स्वतःच्या केंद्रांचा १.१ च्या आसपास सांगतं. थंड देशात बाहेरची हवा आत घेऊन काम भागतं. महाप्याला मे महिन्यात बाहेरची हवा आत घेतली तर सर्व्हरला घामोळं येईल. इथे चिलर, म्हणजे थंड करणारं यंत्र, चोवीस तास आणि बाराही महिने चालवावाच लागतो.

पण जरा खरं बोलू? वाया जाणारी वीज नुसत्या एसीत नाही. सर्व्हरला १८ ते २७ अंश तापमान व्यवस्थित चालतं. आमचे काही ग्राहक करारात २० लिहून घेतात आणि २२ दिसलं की फोन करतात. दोन अंश वर नेले तर चिलरची केवढी वीज वाचेल, हे आम्ही दर वर्षी सादरीकरणात दाखवतो. दर वर्षी सगळे माना डोलावतात.

दुसरं म्हणजे रिकामे सर्व्हर. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी एखादं अॅप सुरू केलं, ते बंद पडलं, माणूस नोकरी सोडून गेला. सर्व्हर मात्र चालूच. काम नसलं तरी तो पुष्कळ वीज ओढत राहतो. बंद करायची जबाबदारी कोणाचीच नाही. बंद केला आणि नेमकं कुणाचं काही अडलं तर? त्यापेक्षा असू दे.

इथे नवी मुंबईतच इतकी गर्दी का, हेही कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार मुंबईत, आणि एमआयडीसीची जागा हाताशी. त्यात एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पैसे देण्याघेण्याची सगळी माहिती सहा महिन्यांत भारतातच साठवा. त्यानंतर आमच्याकडे जागा मागणाऱ्यांची रांग लागली.

आणि हो, डिझेल. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. आमच्याकडे एक दिवा लुकलुकला नाही. दहा-पंधरा सेकंद बॅटऱ्या, की जनरेटर सुरू. ते वर्षात फार तास चालत नाहीत, पण अधूनमधून चाचणीसाठी चालवावेच लागतात. पिंपळपानकाका, तुम्हाला कधी सकाळी घरघर ऐकू आली तर ती हीच.

इरईकाठ

मी चंद्रपूरचा. गेले दोन दिवस धागा नुसता वाचत होतो. चिमणी नाही, वास नाही, हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

चिमण्या आमच्याकडे आहेत जी. महाऔष्णिक केंद्र, २,९२० मेगावॅट, गावाला खेटून. कोळसा जवळच्याच खाणींतला, पाणी इरई धरणाचं. थंडीत सकाळी गच्चीवर बोट फिरवलं तर बोटाला राख लागते. उन्हाळ्यात पारा ४७ वर जातो तेव्हा देशभरचे पेपरवाले आमची आठवण काढतात.

आता तुमच्या ऐरोलीशी याचा संबंध. चंद्रपूरहून थेट पडघ्यापर्यंत एक खास वाहिनी आहे. उच्चदाबाची, एकदिश प्रवाहाची, साडेसातशे किलोमीटर लांब, क्षमता १,५०० मेगावॅट. १९९९ पासून चालू आहे. पडघा म्हणजे भिवंडीजवळ, तुमच्या अंगणात. विदर्भात कोळसा जाळायचा आणि मुंबईच्या पट्ट्याला वीज पोचवायची, याचसाठी ती टाकलेली आहे. लाइनचे मनोरे आमच्या काकांच्या शेतावरून गेलेत. लहानपणी वाटायचं एवढी मोठी लाइन, मग गावात लाइट का जाते? काका म्हणायचे, ही लाइन आपल्यासाठी नाही बाबू, ही वरून जाते.

कोळशाच्या एका युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड निघतो, ०.७२ नाही. तुमची ती सरासरी आहे, त्यात कोयनेचं पाणी आणि राजस्थानचं ऊन मिसळलेलं आहे. कार्बन साऱ्या जगाचा असतो हे मान्य. राख मात्र आमचीच.

मुलाला पुण्यात आयटीत नोकरी आहे, म्हणून डिजिटलच्या विरोधात बोलायला तोंड नाही. पण डिजिटलला धूर नसतो असं कोणी म्हटलं की एकदा इकडे चहाला बोलवावंसं वाटतं.

तिरकस_तात्या

इरईकाठ, चहाला येणार, नक्की. पण एक शंका. तारेतल्या विजेवर 'चंद्रपूर' असा शिक्का नसतो. ग्रिड म्हणजे तळं, सगळे नाले त्यात पडतात. ऐरोलीतल्या इमारतीने काढलेली बादली चंद्रपूरच्याच पाण्याची, असं कसं म्हणता येईल? शिवाय या कंपन्या तर सांगतात की आम्ही शंभर टक्के हरित वीज घेतो.

सर्व्हर_राखणदार

तात्या, तळ्याची उपमा बरोबर आहे. फक्त वेळ लक्षात घ्या. दुपारी तळ्यात सौरचं पाणी भरपूर येतं. रात्री दोनला कुठून येतं? आमचा भार दुपारी दोनला आणि रात्री दोनला जवळपास सारखाच असतो.

शंभर टक्के हरितचा अर्थ बहुतेक वेळा असा: वर्षाला जेवढी युनिटं वापरली तेवढीच युनिटं सोलापूर-धाराशिवकडच्या सौर प्रकल्पातून किंवा साताऱ्याच्या पवनचक्क्यांतून करार करून ग्रिडमध्ये घातली. वार्षिक हिशेब जुळतो. पण रात्रीचा भार तेव्हा जे चालू असेल ते उचलतं, आणि आपल्या राज्यात रात्री मुख्यतः कोळसा चालू असतो. म्हणूनच गूगलने २०३० पर्यंत तासागणिक जुळणी करायचं लक्ष्य ठेवलं आहे. तेच गूगल २०२४ च्या अहवालात सांगतं की २०१९ पासून त्यांचं उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं. मायक्रोसॉफ्टने २०२० पासून २९ टक्के वाढ कबूल केली. करार खोटे नाहीत. पण भूक करारांपेक्षा वेगाने वाढते आहे.

आकडेमोड

राखणदारांना एक पुरवणी, कारण चित्र इतकं एकसुरी नाही.

२०१० ते २०१८ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांचं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं, आणि वीज किती वाढली? जेमतेम सहा टक्के. हा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आला होता. कार्यालयांच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले सर्व्हर मोठ्या केंद्रांत गेले, चिप सुधारल्या, एसी सुधारला. तेव्हाही सगळे ओरडत होते की इंटरनेट जगाची वीज खाणार. खाल्ली नाही.

आता मात्र ती सोपी फळं तोडून झाली, आणि वर एआय आलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिटं खाल्ली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ९४५ अब्ज, म्हणजे आज अख्खा जपान वापरतो त्याहून थोडी जास्त.

दीड टक्का ऐकायला किरकोळ. पण ती जगभर सारखी पसरलेली नसते, आणि म्हणून इरईकाठ आणि पिंपळपान यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं.

डब्लिनकर

बरोबर, सारखी पसरत नाही. याचा पुरावा मी राहतो तिथे आहे.

आयर्लंडमध्ये २०१५ साली डेटा सेंटरं देशाची ५ टक्के वीज वापरत होती. २०२३ मध्ये २१ टक्के. त्याच वर्षी देशातली सगळी शहरी घरं मिळून १८ टक्के. हे इथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयाचे आकडे आहेत. डब्लिनच्या परिसरात ग्रिडवाल्यांनी नव्या जोडण्या जवळजवळ थांबवल्या. मग काही केंद्रांनी काय केलं? थेट गॅसच्या पाइपलाइनला जोडणी मागितली, म्हणजे आपली वीज आपणच बनवायची.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. २०२३ मध्ये डेटा सेंटरं वाढत असतानाच इथल्या वीजनिर्मितीचं उत्सर्जन चांगलंच घटलं. पवनचक्क्या वाढल्या आणि समुद्राखालून ब्रिटनची वीज आली. जून २०२५ मध्ये शेवटच्या केंद्राने कोळसा बंद केला. तेव्हा डेटा सेंटर आलं की धूर वाढलाच, असं नाही. इथला वाद वेगळा आहे: एवढ्या पवनचक्क्या लावल्या त्या जुना गॅस बंद करायला, की नव्या गिऱ्हाइकाची ताटं वाढायला?

(इथे बाहेरची हवा आत घेतात. बाराही महिने. राखणदारांना जळवायला सांगितलं.)

अर्थशास्त्र_कच्चं

एमए करताना यावर थोडं वाचलं होतं. चीनमधले प्रांत आणि शहरं घेऊन 'डिजिटल अर्थव्यवस्था आणि कार्बन' यावर ढिगाने अभ्यास झालेत. बऱ्याच जणांना उलट्या यूसारखा वक्र मिळतो: सुरुवातीला डिजिटल वाढलं की धूर वाढतो, कारण टॉवर, केबल, यंत्रं, वीज. पुढे कारखाने सुधारतात, अर्थव्यवस्था सेवांकडे वळते आणि धूर उतरतो.

वाचायला छान वाटतं. पण माझे दोन आक्षेप तेव्हाही होते. 'डिजिटल अर्थव्यवस्था' मोजतात कशी? इंटरनेटधारक किती, मोबाइल किती, त्या क्षेत्रात नोकऱ्या किती, ऑनलाइन पैशांचे व्यवहार किती, याची गोळाबेरीज. श्रीमंत शहरात हे सगळं जास्तच असणार, आणि श्रीमंत शहर आपले धुराचे कारखाने शेजारच्या प्रांतात आधीच घालवून बसलेलं असणार. मग वक्र उतरला तो डिजिटलमुळे की स्थलांतरामुळे? गल्लाशेठचे टेम्पोच झाले हे.

दुसरं म्हणजे चीनने आता ते स्थलांतर उघडपणे धोरण म्हणूनच घेतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'पूर्वेचा डेटा, पश्चिमेची गणना' असा कार्यक्रम सुरू झाला. शांघाय-बीजिंगच्या बाजूची जड कामं ग्वेझो, आतला मंगोलिया, गान्सू, निंग्शिया इकडे न्यायची, पूर्वेची धरून देशभर आठ ठिकाणी केंद्रं. पश्चिमेकडे हवा थंड, जागा मोकळी, पवन-सौर-जलविद्युत भरपूर. ज्याला क्षणार्धात उत्तर लागतं, उदाहरणार्थ शेअर बाजार, ते पूर्वेलाच. साठवण आणि एआयला शिकवण्याचं काम पश्चिमेला.

आपल्याकडे उलट आहे. डेटा किनाऱ्यावरच राहतो आणि वीज साडेसातशे किलोमीटरवरून आणतो.

मुळशीकर

ही आमची जुनी गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांना धूर नसलेली वीज हवी होती, म्हणून शंभर वर्षांपूर्वी टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली. खोपोलीचं वीजघर १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. मुळशीचं पाणी भिऱ्याला पडतं. जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. आमच्या पणजोबांचं घर त्या पाण्याखाली आहे. वीज स्वच्छच होती हो.

इरईकाठ, तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

मनूची_आई

सगळे विजेवर बोलताय, फोनवर कोणीच नाही. फोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला बहुतेक भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. महागड्या फोनचा एकूण आकडा साठ-सत्तर किलोच्या घरात जातो. चार्जिंगचा त्यात किरकोळ वाटा. म्हणजे आकडेमोड यांचे ५५ ग्रॅम वाचवण्यापेक्षा फोन दोन वर्षं जास्त वापरला तर बरं. माझ्याकडे पाच वर्षांचा आहे, काच फुटलेली आहे, मुलगी सोबत घेऊन फिरायला लाजते.

तिरकस_तात्या

मनूच्या आई, माझा सात वर्षांचा. त्यावरून टंकतोय, म्हणून चुका.

पिंपळपान, मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं का?

पिंपळपान

निम्मं मिळालं. धूर कमी होतो की वाढतो हे तारेच्या दुसऱ्या टोकाला काय जळतंय त्यावर ठरतं, आणि ते टोक मी आजवर पाहिलेलं नाही. इरईकाठ, तात्यांबरोबर मीही येतो चहाला. गच्चीवर बोट फिरवून बघायचं आहे.

तोवर एक चौकशी केली. महावितरणची हरित वीज घरगुती ग्राहकालाही मागता येते. वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये मान्यता दिली तेव्हा त्याला युनिटमागे ६६ पैसे जादा दर होता. नंतरच्या आदेशात बदलला असेल तर भरताना कळेलच. राखणदार म्हणतील की हाही वर्षाचाच हिशेब, रात्रीचा नाही. ठाऊक आहे.

६६ पैशांनी १५० युनिटांचे होतात ९९ रुपये महिन्याला. गो-ग्रीनचे दहा वजा जाता ८९. अर्ज टेबलावर भरून ठेवला आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.